कराची ते जुहू : जेआरडींचे सव्वासात तास

कराची आणि मुंबई यांमधील सरळ हवाई अंतर नऊशे किलोमीटरांहूनही कमी. तरीही १९३२ पर्यंत लंडनहून विमानाने कराचीला आलेली मुंबईची पत्रे तेथे रेल्वेत चढत आणि राजपुतान्याचा वळसा घेत येत. सागर व वाळवंट ओलांडून आलेल्या टपालाचा वेग शेवटच्या टप्प्यात असा मंदावे. हा टप्पा तोडण्याचे श्रेय जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचे.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई फ्रेंच. उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर, इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ हे त्यांचे उन्हाळ्यातील शेजारी. आकाशाचे वेड तेथेच जडले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. पुढल्याच वर्षी आगाखान पारितोषिकासाठी ते कराचीहून इंग्लंडकडे निघाले. वाटेत इजिप्तमध्ये उलट दिशेने येणारे प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनिअर स्पार्क प्लगविना अडकलेले भेटले. जेआरडींनी आपले जादा प्लग त्यांना देऊन टाकले. शर्यत अस्पींनी जिंकली. पुढे ते हवाई दलाचे प्रमुख झाले.

टपालसेवेची कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाची. सरकारने अनुदान नाकारले. सर दोराबजी टाटांनी दोन लाख रुपयांच्या भांडवलाला मोठ्या अनिच्छेनेच मान्यता दिली.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून एक इंजिनाचे पस मॉथ उडाले. विमानात रेडिओ नव्हता. खालचा मुलूख आणि नकाशा ताडून पाहायचा, हीच दिशादर्शनाची रीत. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते! दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जेआरडी जुहूला उतरले. तेथून बेल्लारीमार्गे मद्रासचे टपाल व्हिन्सेंट यांनी नेले.

जुहूचे मैदान म्हणजे समुद्रालगतची चिखलट जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, तेव्हा हा सारा कारभार पुण्याला येरवड्यास हलवावा लागे. अशा साधनांनिशी वेळापत्रक पाळणे हीच खरी कसोटी होती आणि जेआरडींचा हट्टही तोच. पहिल्याच काळात सरकारी हवाई खात्याने या सेवेच्या वक्तशीरपणाची मुक्तकंठाने वाखाणणी केली.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला झेपावले. १९५३ मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. जेआरडींचा त्याला विरोध होता, तरीही अध्यक्षपद त्यांनी १९७८ पर्यंत, सरकारने दूर करेपर्यंत सांभाळले. तो निर्णय त्यांच्या जिव्हारी लागला.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे होताना, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी जुन्या लेपर्ड मॉथमधून एकटेच कराचीहून निघाले. अंतर तेच, विमानाचा वेगही जवळपास तोच. जेट विमाने मात्र हीच वाट तासा-दीड तासात कापू लागली होती. जुहूला स्वागतासाठी जमलेल्या मंडळींसमोर ते उतरले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले.