तंजावरचे श्वार्ट्झ साहेब

रेव्ह. ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे तमिळ देशातील मिशनरी म्हणून आपल्या मंडळ्यांत ऐकून माहीत आहेत. परंतु त्यांच्या आयुष्याची अखेरची वीस वर्षे एका मराठी दरबाराच्या सान्निध्यात गेली, हे थोड्यांसच ठाऊक असते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ह्यांनी स्थापिलेले तंजावरचे राज्य ते हेच.

त्यांचा जन्म ८ ऑक्टोबर १७२६ रोजी जर्मनीत ब्रांडेनबुर्ग प्रांती झाला. हाले येथे शिक्षण घेऊन १७५० साली ते तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत उतरले. तमिळ अवगत झाल्यावर त्यांनी फारसी, हिंदुस्थानी व मराठी ह्या भाषाही शिकून घेतल्या. विवाह त्यांनी केला नाही.

१७७९ साली मद्रासच्या इंग्रज सरकारने हैदर अलीचा मनोदय जाणण्यासाठी त्यांस श्रीरंगपट्टणास पाठविले. हैदरचा इंग्रजांच्या शब्दावर विश्वास उरला नव्हता. १७६९ च्या तहाप्रमाणे त्यांनी साहाय्य केले नाही, ही त्याची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. ह्या पाळकाचे मात्र त्याने आदराने ऐकून घेतले. निघताना प्रवासखर्चास ३०० रुपये दिले. ते परत करणे दरबारी रीतीस धरून नव्हते, म्हणून श्वार्ट्झांनी ते मद्रास सरकारपुढे ठेवले. सरकारने घेण्यास नकार दिला, तेव्हा ते गरीब मुलांच्या शाळेकडे लावले. वकिली मात्र निष्फळ झाली. १७८० साली हैदर कर्नाटकावर चालून आला. निरोप नेणाऱ्याचा ह्यात काय दोष? पाठविणाऱ्यांनीच उत्तर मनावर घेतले नाही. तरीही ह्या पाद्रीस कोणी त्रास देऊ नये, अशी हैदरची आपल्या फौजेस ताकीद होती.

त्या लढाईत तंजावरात दुष्काळ पडला. खेड्यांत धान्य होते, पण ते आणण्यास बैल मिळेनात. कारण पूर्वी बैलवाल्यांस मोबदला मिळालाच नव्हता. राजाच्या शब्दावर कोणी येईना. श्वार्ट्झांनी पैसे देण्याची हमी स्वतःवर घेतली, आणि थोड्याच दिवसांत सुमारे ८०,००० कलम धान्य किल्ल्यात आले. (कलम हे तिकडील धान्याचे माप.) पुढे जुलमास कंटाळून हजारो रयत परागंदा झाली, तेव्हाही त्यांच्याच वचनावर एका दिवसात सुमारे ७,००० माणसे परतली. पेरणीचा हंगाम टळू लागला होता, म्हणून ती रात्रंदिवस शेतांत राबली. तंजावरची न्यायव्यवस्था कशी सुधारावी, ह्याविषयीही सरकारने त्यांचा विचार घेतला.

एक चूक मात्र त्यांच्या हातून झाली, असे मला वाटते. १७८७ साली मरणासन्न तुळजाजी राजांनी दत्तक पुत्र सर्फोजी ह्यास त्यांच्या हाती सोपविले. त्यांनी ते ओझे राजबंधू अमरसिंग ह्यांजवर टाकण्याचा सल्ला दिला. अमरसिंग गादीवर बसले आणि मुलगा कोंडला गेला. मग श्वार्ट्झांनी सरकारकडे खटपट करून १७९३ साली त्यास मद्रासेस नेवविले, विद्या दिली, आणि दत्तकाचा प्रश्न हिंदू धर्मशास्त्राच्या आधारे पुन्हा तपासण्यास लावला.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी ते वारले. सर्फोजी प्रेतयात्रेस आले व रडले. त्याच वर्षाच्या जूनमध्ये त्यांस गादी मिळाली. ते ख्रिस्ती झाले नाहीत. परंतु लंडनचे शिल्पकार फ्लॅक्समन ह्यांच्याकडून त्यांनी संगमरवरी स्मारक करवून घेतले. तंजावरच्या किल्ल्यातील उपासनामंदिरात ते आहे: मृत्युशय्येवर वृद्ध पाळक, आणि त्यांचा हात धरलेला मराठा राजा.