ग्रंथसंग्राहक सम्राट असुरबानिपाल

सम्राटांची चरित्रे बहुधा त्यांच्या पराक्रमासाठी वाचली जातात. अ‍ॅसिरियाचा सम्राट असुरबानिपाल याचे चरित्र आम्ही येथे देत आहोत, ते मात्र त्याच्या ग्रंथालयासाठी.

टायग्रिस नदीकाठी, आजच्या इराकमधील मोसूल शहरानजीक, निनेव्हे ही अ‍ॅसिरियाची राजधानी होती. इ. स. पूर्व ६६९ च्या सुमारास असुरबानिपाल तेथे गादीवर बसला. शस्त्रविद्येबरोबरच त्याने लेखनिकांची अवघड कीलाकार लिपीही आत्मसात केली होती. प्राचीन सुमेरी लेख आपणांस वाचता येतात, याचा त्यास मोठा अभिमान वाटे.

तो मृदू स्वभावाचा होता, असे मात्र समजू नये. बाबिलोनवर राज्य करणाऱ्या त्याच्या भावाने इ. स. पूर्व ६५२ मध्ये बंड केले. चार वर्षे झुंजून त्याने ते मोडले. पुढे एलामची सुसा नगरी उद्ध्वस्त केली. त्याच्या ग्रंथसंग्रहातही या विजयांचा वाटा आहे. त्याने जुन्या लेखांच्या नकला करविल्या, तसेच जिंकलेल्या बाबिलोनियातील पंडितांचे संग्रहही निनेव्हेस आणविले. शकुन, वैद्यक, ज्योतिष, शब्दकोश, स्तोत्रे व पुराणकथा यांच्या मातीच्या पाट्या तेथे जमल्या. कित्येक पाट्यांवर राजाचे नाव आणि त्या पळविणाऱ्यास शापही असे.

इ. स. पूर्व ६१२ मध्ये शत्रूंनी निनेव्हे जाळली. मेण लावलेल्या फळ्यांवरील लेखन नष्ट झाले. मातीच्या अनेक पाट्या मात्र त्याच आगीत भाजून पक्क्या झाल्या. इ. स. १८५० च्या सुमारास लेयर्ड व मोसूलचे होर्मुझ्द रस्साम यांच्या उत्खननांत त्या सापडल्या. त्यांपैकी ३०,००० हून अधिक पाट्या व तुकडे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मूळचा खोदकाम कारागीर असलेल्या जॉर्ज स्मिथ याने १८७२ मध्ये त्यांतील एका पाटीवर महापुराची कथा वाचली. ती गिल्गमेशच्या महाकाव्याचा भाग होती. हे काव्य त्यापूर्वी जग जवळजवळ दोन सहस्र वर्षे विसरले होते.

साम्राज्य लयास गेले, पण नकलून ठेवलेले ज्ञान उरले. आपल्या ज्ञातीतील अनेक घरांत वंशावळी व मोडी कागद पेट्यांत पडून आहेत. आमची सर्व कुटुंबांस विनंती आहे की, त्यांच्या नकला करून एक प्रत अन्यत्र ठेवावी. आगीने माती पक्की होते. कागदाच्या नशिबी तो योग नाही.