विश्लेषण : कागदाच्या घडीला ‘लिपी’ देणारे अकिरा योशिझावा कोण होते?

कागदाची होडी आपल्यापैकी बहुतेक जण पुस्तकातून शिकले नाहीत. घरातल्या कुणीतरी शेजारी बसून ती करून दाखवली. जपानमध्येही ओरिगामी बरीच शतके अशीच शिकली-शिकवली गेली. १७९७ मध्ये क्योतोत छापलेल्या एका पुस्तकात एकमेकांना जोडलेल्या कागदी क्रौंच पक्ष्यांचे ४९ प्रकार आहेत. पण साधा क्रौंच वाचकाला येतोच, असे त्यात गृहीत धरलेले. नवी घडी सुचली, तर ती दूरच्या माणसापर्यंत पोहोचवायची कशी? या प्रश्नाचे उत्तर अकिरा योशिझावा यांनी दिले.

ओरिगामीकडे कसे वळले?

योशिझावा यांचा जन्म १४ मार्च १९११ रोजी तोचिगी प्रांतातील कामिनोकावा येथे, दूधव्यवसाय करणाऱ्या शेतकरी कुटुंबात झाला. तेराव्या वर्षी ते तोक्योतील कारखान्यात कामाला लागले. पुढे तिथेच ड्राफ्ट्समन झाले. नव्या कामगारांना भूमिती शिकवण्याचे काम आले, तेव्हा त्यांनी कागदाच्या घड्यांचा आधार घेतला. रेखाटनाचा हा सराव पुढे फार उपयोगी पडला असणार.

१९३७ मध्ये नोकरी सोडून त्यांनी पूर्णवेळ ओरिगामी धरली. मग आली जवळपास दोन दशकांची ओढगस्त. सोया सॉसमध्ये शिजवलेला ‘त्सुकुदानी’ हा खाद्यपदार्थ दारोदार विकून ते पोट भरत. युद्धकाळात लष्कराच्या वैद्यकीय पथकात हाँगकाँगला असताना ते आजारी सैनिकांच्या करमणुकीसाठी कागदी आकृत्या करत. पुढे स्वतःच आजारी पडून मायदेशी परतले.

नशीब पालटले ते ‘असाही ग्राफ’ या नियतकालिकामुळे. जपानी राशिचक्रातील बारा प्राणी त्यांनी कागदातून घडवले आणि ते १९५२ च्या जानेवारी अंकात झळकले.

ही ‘लिपी’ म्हणजे नेमके काय?

१९५४ मध्ये त्यांचे ‘अताराशी ओरिगामी गेइजुत्सु’ म्हणजे ‘नवी ओरिगामी कला’ हे पुस्तक आले. त्यातली पद्धत अगदी सोपी आहे. घडी आत, दरीसारखी जात असेल तर तुटक रेघ. उलट, डोंगराच्या कड्यासारखी वर येत असेल तर रेघ आणि टिंबे. कागद कुठून कुठे न्यायचा हे बाण सांगतो. प्रत्येक टप्प्याला एक आकृती. जपानीचे एक अक्षर न येणाराही त्यावरून घडी घालू शकतो! अमेरिकेतील सॅम्युएल रँडलेट आणि ब्रिटनमधील रॉबर्ट हार्बिन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यात थोडी भर घातली आणि ही पद्धत जगभर रुळली. आज ती ‘योशिझावा-रँडलेट पद्धत’ म्हणून ओळखली जाते. त्याआधीच, १९५५ मध्ये, अ‍ॅम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात योशिझावांच्या कलाकृतींचे प्रदर्शन भरले होते.

मग सगळ्याच कलाकृती छापल्या का?

नाही, आणि इथेच खरी गंमत आहे. १९८९ पर्यंत आपण ५० हजारांहून अधिक आकृती घडवल्याचा त्यांचा अंदाज होता. पुस्तके अठरा. त्यांत रीत दाखवलेल्या आकृती मात्र काही शेच. घडी सुचणे वेगळे आणि ती दुसऱ्याला जमेल अशी टप्प्याटप्प्याने काढणे वेगळे. दुसऱ्या कामाला वेळ तर लागतोच, शिवाय काही गोष्टी रेघेत मावतही नाहीत. त्यांनीच रूढ केलेल्या ‘ओल्या घडी’चे उदाहरण घ्या. जाड कागद किंचित ओलसर केला की त्यातली खळ सैल पडते, त्याला मऊ गोलाई देता येते आणि वाळल्यावर तो तसाच ताठ राहतो. किती ओलसर करायचा, बोट किती दाबायचे, हे बाणाने कसे दाखवणार?

१९८३ मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ द रायझिंग सन’ हा सन्मान मिळाला. १४ मार्च २००५ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वाढदिवशीच, त्यांचे निधन झाले. आकृत्या न निघालेल्या हजारो घड्यांचा क्रम कळायचा, तर मूळ कागदच उलगडावा लागेल.