लाल रंगाच्या पलीकडे: इन्फ्रारेड टॉर्च उघडताना भेटलेला विल्यम हर्शेल

मागच्या थंडीत आमच्या बिल्डिंगमागच्या जुन्या झाडाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहायला आली. रात्री त्यांचं काय चालतं ते बघायचं म्हणून मी एका जुन्या वेबकॅममधला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढला आणि एक इन्फ्रारेड टॉर्च मागवली. टॉर्च आली, पण चित्र अगदीच अंधुक. टॉर्चच्या अंगावर बारीक आकड्यात ९४० नॅनोमीटर छापलेलं होतं. वेबकॅमचा सिलिकॉन सेन्सर ९४० ला कमी आणि ८५० ला बराच जास्त प्रतिसाद देतो. म्हणजे एलईडी बदलायला हवा. अडचण एकच होती. टॉर्चचं डोकं गोंद लावून कायमचं बंद केलेलं होतं.

आधी मागचं झाकण काढून लिथियम सेल बाहेर काढला. हे पहिलं, कारण सेल आत ठेवून टॉर्च तापवायची नसते. मग हेअर ड्रायरने डोकं चार-पाच मिनिटं तापवलं, सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे गुंडाळून घट्ट पकडलं आणि पिळलं. तीन वेळा हात घसरला, चौथ्या वेळी कट्ट आवाज आला आणि डोकं फिरलं. आत एक भिंग, चांदणीच्या आकाराच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलेला एलईडी आणि त्याखाली करंट सांभाळणारं छोटं सर्किट.

एलईडी चालू आहे का बघायला सेल परत घातला आणि बटण दाबलं. काहीच नाही. परत दाबलं, काहीच नाही. वायर तुटली की काय म्हणून मी चेहरा अगदी जवळ नेला, आणि गालाला ऊब लागली.

टॉर्च चालू होती. मी एका जोरदार दिव्यासमोर बिनधास्त डोळे उघडे ठेवून बसलो होतो. पटकन मान फिरवली. डोळ्याला काही झालं नाही, पण हात थरथरले. त्या क्षणी मला एका माणसाची आठवण झाली. सव्वादोनशे वर्षांपूर्वी त्यालाही डोळ्याआधी उबेनेच सांगितलं होतं की इथे काहीतरी आहे. त्याचं नाव विल्यम हर्शेल. शाळेत आपण त्याला युरेनस शोधणारा म्हणून पाठ करतो आणि विसरतो. खरं तर तो आपल्यासारखाच, वस्तू हातात आली की ती बनवून, बदलून बघणारा माणूस होता.

बँडवाला ते दुर्बिणवाला

हर्शेलचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ चा, जर्मनीतल्या हॅनोवर शहरातला. वडील लष्करी बँडमध्ये ओबो वाजवायचे. ओबो म्हणजे आपल्या सनईच्या जातीतलं वाद्य. मुलगाही किशोरवयातच त्याच बँडमध्ये लागला. १७५७ साली फ्रेंच सैन्याने हॅनोवरच्या बाजूचा पराभव केला, आणि त्याच वर्षी हा पोरगा भावाबरोबर इंग्लंडला गेला. सुरुवातीला पोटासाठी तो दुसऱ्यांच्या संगीताच्या नकला उतरवून द्यायचा. पुढे शिकवण्या, वादन, स्वतःच्या रचना असं करत १७६६ मध्ये बाथ शहरात एका चॅपलचा ऑर्गनवादक झाला. दोन डझन सिम्फनी त्याच्या नावावर आहेत. म्हणजे करिअर सेट होतं.

१७७२ मध्ये त्याने धाकटी बहीण कॅरोलिनला हॅनोवरहून बाथला आणलं. लहानपणीच्या आजारामुळे तिची उंची जेमतेम सव्वाचार फूट राहिली होती आणि घरच्यांनी तिला घरकामालाच जुंपलं होतं. विल्यमने तिला गाणं आणि गणित शिकवलं.

संगीताच्या गणितावरची पुस्तकं वाचता वाचता हर्शेल प्रकाशाच्या पुस्तकांकडे वळला आणि तिथून आकाशाकडे. चांगली आरशाची दुर्बीण विकत घ्यायची तर किंमत परवडेना. मग त्याने गावातल्या एका हौशी माणसाकडून आरसे घासायची जुनी अवजारं घेतली आणि स्वतःच सुरुवात केली. हे १७७३ सालचं. त्याचं वय पस्तिशीला टेकलेलं, आणि इंजिनिअरिंगची डिग्री वगैरे काही नाही.

तेव्हा दुर्बिणीचे आरसे काचेचे नसायचे. तांबं आणि कथील वितळवून एक ठिसूळ, पांढरट धातू ओतायचा आणि तो हाताने घासून घासून नेमका वक्र आणायचा. शेवटच्या पॉलिशला हात मध्येच थांबला तर आरसा बिघडायचा. एकदा हर्शेल सलग सोळा तास हात न उचलता घासत बसला आणि कॅरोलिन त्याच्या तोंडात घास भरवत होती. घराचा पार कारखाना झाला होता. दिवाणखान्यात सुतार, झोपायच्या खोलीत लेथ मशीन.

१७८१ मध्ये त्याने तीन फुटांचा आरसा ओतायचं ठरवलं. भट्टी घराच्या तळघरात आणि साचा घोड्याच्या लिदीचा. पहिला आरसा थंड होताना तडकला. दुसऱ्या वेळी भट्टीच गळली, वितळलेला धातू फरशीवर पसरला आणि तापलेल्या फरशीचे तुकडे उडायला लागले. सगळे जीव घेऊन पळाले. माझ्या गालाला लागलेली ऊब त्यापुढे काहीच नाही.

त्याच वर्षी १३ मार्चच्या रात्री घरी बनवलेल्या, सव्वासहा इंचांच्या आरशाच्या दुर्बिणीत त्याला एक वेगळा ठिपका दिसला. त्याने मॅग्निफिकेशन वाढवत नेलं. तारे ठिपकेच राहिले, हा मात्र मोठा होत गेला. म्हणजे हा तारा नाही. त्याला वाटलं धूमकेतू असेल. कक्षेचं गणित मांडल्यावर कळलं की तो नवा ग्रह आहे, युरेनस. लिखित इतिहासात पहिल्यांदाच कुणी नवा ग्रह शोधला होता. राजा तिसरा जॉर्ज याने वर्षाला २०० पौंडांची नेमणूक दिली. संगीतात त्याहून जास्त मिळत होतं, तरी हर्शेलने संगीत सोडलं. उरलेला खर्च तो दुर्बिणी बनवून, विकून भागवायचा. १७८७ पासून कॅरोलिनलाही वर्षाला ५० पौंड सुरू झाले. तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले.

पुढे स्लाव गावी त्याने चाळीस फूट लांब नळीची आणि चार फूट आरशाची राक्षसी दुर्बीण उभारली. ती १७८९ मध्ये पूर्ण झाली. पण खरी कामं त्याने बहुतेक छोट्या, हाताळायला सोप्या दुर्बिणींवरच केली. मोठा सेटअप म्हणजे चांगला सेटअप असं नाही, हे तेव्हाही खरं होतं.

उबेचा माग

आता १८०० साल. हर्शेल ६१ वर्षांचा आहे आणि सूर्य बघतोय. सूर्याकडे दुर्बिणीतून थेट बघणं म्हणजे डोळे जाळून घेणं, म्हणून तो वेगवेगळ्या रंगांच्या गडद काचा लावून बघत होता. त्यात एक विचित्र गोष्ट त्याच्या लक्षात आली. काही काचांतून उजेड अगदी कमी यायचा, तरी डोळ्याला चटका बसायचा. काहींतून उजेड भरपूर, पण ऊब नाही. उजेड आणि उष्णता जर एकच असतील तर दोन्ही एकदम कमी-जास्त व्हायला हवेत. इथे तसं होत नव्हतं.

दुसरा कुणी काच बदलून गप्प बसला असता. हर्शेलने प्रिझम घेतला, सूर्यप्रकाशाचे रंग टेबलावर पाडले आणि थर्मामीटर आणले. बल्बला काळा रंग दिला, म्हणजे पडेल ते सगळं शोषलं जाईल. एक थर्मामीटर रंगात ठेवला आणि दोन बाजूला, रंगाच्या बाहेर. बाजूचे दोन कशाला? खोलीचंच तापमान वर-खाली झालं तर ते कळावं म्हणून. आज आपण याला कंट्रोल म्हणतो.

जांभळ्यात तापमान साधारण २ अंश फॅरनहाइट वाढलं, हिरव्यात सव्वातीन, लाल रंगात जवळपास ७. म्हणजे लालकडे जावं तसा आकडा चढतोय. तुमच्यापैकी कुणी ग्राफ काढला असता तर पुढचा प्रश्न आपोआप पडला असता: लाल संपल्यावर काय?

बऱ्याच ठिकाणी ही गोष्ट अशी सांगतात की बाजूला ठेवलेला थर्मामीटर चुकून तापला आणि शोध लागला. तसं नाहीये. पहिल्या प्रयोगांनंतरच त्याने अंदाज बांधला होता की सगळ्यात जास्त उष्णता कदाचित दिसणाऱ्या रंगांच्या थोडी बाहेर असेल. मग तो मुद्दाम लालच्या पलीकडे गेला. जिथे डोळ्याला टेबलाशिवाय काहीच दिसत नव्हतं, तिथे थर्मामीटरचा पारा लाल रंगातल्यापेक्षाही जास्त चढला. एप्रिल १८०० मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्याने हे मांडलं. इन्फ्रारेड हे नाव खूप नंतरचं, तो त्यांना उष्णतेचे किरण म्हणायचा.

त्या एका वर्षात त्याने दोनशेहून जास्त प्रयोग केले. हे न दिसणारे किरण आरशावरून परावर्तित होतात का, भिंगातून वाकतात का, कोणती काच आणि कोणता द्रव त्यांना किती अडवतो. सूर्याबरोबर मेणबत्ती आणि चुलीच्या आगीवरही. उत्तरं हो, हो आणि वेगवेगळं.

आणि मग तो गोंधळला. सुरुवातीला त्याला वाटलं होतं की हा न दिसणारा प्रकाशच आहे, म्हणजे बरोबर. पण काचा उष्णता आणि उजेड वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात हे मोजल्यावर वर्ष संपेपर्यंत तो उलट बाजूला झुकला: प्रकाश आणि उष्णतेचे किरण ही दोन वेगळी प्रकरणं असावीत. एकाच जातीच्या लहरी, फक्त लांबी वेगळी, हे चित्र पक्कं व्हायला पुढची काही दशकं गेली. हाताशी तरंगलांबी मोजायचं साधन नसताना त्याने आकड्यांवर विश्वास ठेवून स्वतःचंच मत बदललं. मत चुकलं, आकडे टिकले. त्याने सगळे आकडे छापून ठेवले म्हणून पुढच्यांना ती चूक दुरुस्त करता आली.

२५ ऑगस्ट १८२२ रोजी, ८३ व्या वर्षी, स्लावमध्येच तो गेला. २००९ मध्ये युरोपच्या अवकाश संस्थेने साडेतीन मीटर आरशाची इन्फ्रारेड दुर्बीण अवकाशात पाठवली. तिला त्याचंच नाव होतं.

परत माझ्या टॉर्चकडे

हर्शेलचा गोंधळ आपण अजूनही करतो. इन्फ्रारेड म्हणजे उष्णता असं सर्रास म्हणतो. माझ्या टॉर्चमधून निघत होता तो प्रकाशच, फक्त आपल्या डोळ्याला न दिसणारा. गालाने तो शोषला तेव्हा त्याची ऊब झाली, काळ्या बल्बसारखी. एलईडीच्या चिपमध्ये वाया जाणारी उष्णता ही वेगळी गोष्ट. ती किरणांनी नाही, मागच्या धातूच्या पट्टीतून बाहेर जाते. हा फरक मी कागदावर सांगू शकत होतो, तरी नवा ८५० चा एलईडी बसवताना पट्टीखाली थर्मल पेस्ट लावायला विसरलो. पाच मिनिटांत चित्र मंद व्हायला लागलं. नशिबाने वेळेत बंद केली, परत उघडून पेस्ट लावली, आणि मग ती नीट चालली.

तुम्हीही असं काही उघडणार असाल तर तीन गोष्टी. सेल आधी बाहेर. पांढऱ्या टॉर्चमध्ये इन्फ्रारेड एलईडी टाकणार असाल तर सर्किट करंट सांभाळणारं आहे का ते बघा, कारण पांढऱ्याला साधारण तीन व्होल्ट लागतात आणि साध्या इन्फ्रारेडला त्याच्या निम्मे. नुसता रेझिस्टर असेल तर करंट वाढून एलईडी जळेल. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: चालू आहे का हे डोळ्याने तपासू नका. दिसणारा उजेड जोरात आला की बुबुळाची बाहुली आकसते, पापणी मिटते. न दिसणाऱ्या उजेडाला डोळा असा काहीच बचाव करत नाही. टॉर्च भिंतीकडे धरा आणि भिंत फोनच्या कॅमेऱ्यातून बघा.

फोनला हे दिसतं का ते आज रात्रीच करून बघा. टीव्हीचा रिमोट फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. बऱ्याच फोनमध्ये रिमोटच्या टोकाला जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात फिल्टर जास्त कडक असतो, त्यामुळे तिथे कदाचित दिसणार नाही. हर्शेलला त्या जागेपर्यंत पोचायला प्रिझम, तीन थर्मामीटर आणि ६१ वर्षं लागली. आपल्या खिशात ती आधीपासून आहे.

पिंगळे आता व्यवस्थित दिसतात. रात्री साडेअकराच्या सुमारास एक जण ढोलीतून डोकं बाहेर काढतो आणि थेट माझ्या टॉर्चकडे बघतो. त्याला तिथे नेमकं काय दिसतं, कुणास ठाऊक. मला मात्र दरवेळी गालाला लागलेली ती ऊब आठवते.