द्राक्षबागांना शिंगखत देणारे रुडॉल्फ स्टायनर : दारूला विरोध, पण वाइनवाले त्यांच्याच वाटेवर

आपल्याकडे सेंद्रिय शेती करणाऱ्या बऱ्याच जणांनी शिंगखताचं नाव ऐकलेलं आहे. गाईच्या शिंगात शेण भरून ते जमिनीत पुरायचं, ही पद्धत युरोपातून आली. ती सांगणारे रुडॉल्फ स्टायनर शेतकरी नव्हते, लेखक आणि तत्त्वज्ञ होते.

स्टायनर यांचा जन्म 1861 चा. गाव क्राल्येवेत्स, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात, आज क्रोएशियात. वडील रेल्वेत तारखात्यात होते. बदली होईल तिथं कुटुंब जायचं, त्यामुळं लहानपण खेड्यांतल्या स्टेशनांवर गेलं. व्हिएन्नाला तांत्रिक शिक्षण घेताना रेल्वेच्या प्रवासात त्यांची एका जडीबुटीवाल्याशी ओळख झाली. तो रानातून औषधी वनस्पती गोळा करून शहरातल्या औषधवाल्यांना विकायचा. शाळा फारशी न शिकलेल्या त्या माणसाचं झाडपाल्याचं ज्ञान स्टायनर आयुष्यभर विसरले नाहीत.

पुढं त्यांनी जर्मन कवी गटे यांच्या विज्ञानविषयक लेखनाचं संपादन केलं. नंतर अध्यात्माकडं वळून 'अँथ्रोपोसॉफी' नावाचा स्वतःचा विचार मांडला. 1919 मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढं वॉल्डॉर्फ शाळा म्हणून जगभर गेली.

शेतीकडं ते आले शेतकऱ्यांमुळं. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात रासायनिक खतांचा वापर वाढत होता. बियाणं कमकुवत झालं, जनावरं आजारी पडतात, लसूणघास पूर्वीसारखा वर्षानुवर्षं टिकत नाही, अशा तक्रारी घेऊन शेतकरी त्यांच्याकडं आले. जून 1924 मध्ये कोबरविट्झ इथं, म्हणजे आजच्या पोलंडमध्ये, काउंट कायझरलिंक यांच्या वाड्यात त्यांनी शेतीवर 8 व्याख्यानं दिली. ऐकायला शंभरावर माणसं होती.

सांगणं साधं होतं. शेत म्हणजे एक जिवंत शरीर. जनावरं, चारा, खत, पीक सगळं शक्यतो त्याच शेतातलं हवं. शिंगात ताजं शेण भरून ते हिवाळाभर पुरायचं, वसंतात काढायचं. त्यातलं थोडंसं पाण्यात तासभर, एकदा या बाजूनं तर एकदा त्या बाजूनं, ढवळून जमिनीवर शिंपडायचं. कंपोस्टमध्ये घालायला कॅमोमाइल, ओकची साल अशा वनस्पतींची मिश्रणंही त्यांनी सांगितली. चंद्र-ग्रहांचा पिकांवर परिणाम होतो, असंही त्यांचं म्हणणं होतं.

आपण सांगितलेलं शेतात करून बघा, असा त्यांचा आग्रह होता. पण निकाल बघायला ते राहिले नाहीत. 30 मार्च 1925 रोजी, वयाच्या 64 व्या वर्षी, स्वित्झर्लंडमधल्या डॉर्नाख इथं त्यांचं निधन झालं.

गंमत पुढंच आहे. स्टायनर दारू घेत नसत, दारूनं माणसाच्या आत्मिक वाढीला अडथळा येतो असं ते मानत. पण आज त्यांची पद्धत सगळ्यात गाजते ती वाइनच्या बागांत. ऑस्ट्रियातली निकोलायहोफ ही रोमन काळातल्या पायावर उभी असलेली वाइनरी 1971 पासून या वाटेवर आहे. फ्रान्समध्ये लुआर नदीकाठची कुले द सेरां ही सुमारे 7 हेक्टरची बाग साधूंनी 1130 मध्ये लावली. तिथं बँकेची नोकरी सोडून आलेल्या निकोला जोली यांनी आधी तणनाशकं मारली. मातीचा रंग बदलला, किडे-पाखरं दिसेनाशी झाली. मग 1984 पासून सगळी बाग स्टायनर यांच्या पद्धतीवर आणली.

हे कितपत खरं? शिंगखताचा किंवा ग्रहांचा वेगळा परिणाम शास्त्रज्ञांना ठामपणे सिद्ध करता आलेला नाही. पण स्वित्झर्लंडमध्ये 1978 पासून चाललेल्या प्रयोगात पहिल्या 21 वर्षांत दिसलं, की बायोडायनॅमिक आणि सेंद्रिय प्लॉटमध्ये उत्पन्न सुमारे 20 टक्के कमी आलं, मात्र खत निम्म्याच्या आसपास लागलं आणि माती जास्त जिवंत राहिली.

म्हणजे ग्रहांवर विश्वास असो-नसो, शेण, कंपोस्ट आणि दावणीची जनावरं यांचं मोल कमी होत नाही. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी विचारलेला प्रश्न आज आपल्याही बांधावर उभा आहे : जमीन थकली, तर पुढच्या पिढीनं पिकवायचं कशात?