बूट शिवणारा प्रोफेसर

प्लेसमेंटचा सीझन आला की कट्ट्यावर एकच विषय. पॅशनवाला जॉब की पैसेवाला? मनासारखं काम मिळालं की खरं आयुष्य सुरू होणार, तोवरचा सगळा नुसता टाइमपास, असं आपण धरूनच चालतो. इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्यांच्या बातम्यांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका शोधताना मीही हेच पुटपुटत होते. तेव्हाच विल्यम कॅरी वाचनात आला. नाव ऐकलंय? १८०५ साली मराठीचं व्याकरण छापून काढणारा इंग्रज. ख्रिस्ती मिशनरी, कलकत्त्यातला प्रोफेसर. आणि त्याआधी, बूट शिवणारा कारागीर!

१७ ऑगस्ट १७६१ ला इंग्लंडमधल्या पॉलर्सपरी गावात तो जन्मला. वडील विणकर, पुढे गावच्या शाळेत मास्तर. पोराला झाडाफुलांचं वेड, पण त्वचेच्या आजारामुळे ऊन सोसेना. मग सावलीत बसून करायचं काम शोधलं आणि तो बूट शिवणाऱ्याकडे शिकाऊ म्हणून लागला. तिथे बायबलवरच्या एका पुस्तकात त्याला ग्रीक अक्षरं दिसली. वाचता येईनात, म्हणून त्याने ती उतरवली आणि गावातल्या एका शिकलेल्या विणकराला गाठलं. ग्रीकपाठोपाठ लॅटिन आणि हिब्रूही तो शिकला, हे सगळं कॉलेजचं तोंड न बघता. मोल्टन गावात तो चर्चचा पाळक झाला, पण तेवढ्या पगारात घर चालेना. मग शाळेत शिकवणं आणि बूट शिवणंही चालूच. भिंतीवर स्वतः बनवलेला जगाचा नकाशा होता. हात चामड्यावर आणि नजर नकाशावर.

तुम्हाला वाटेल, बूट हे पोटासाठी आणि धर्म हा देवासाठी, असे त्याचे दोन कप्पे असतील. तसं नव्हतं. देवाचं बोलावणं फक्त मठात राहणाऱ्यांना येतं, असं युरोपात फार काळ मानलं जायचं. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने हे उलटवलं. शेतकऱ्याच्या, मोलकरणीच्या कामातूनही शेजाऱ्याची सेवा होते, म्हणून तेही देवाचंच बोलावणं, असं त्याने मांडलं. येशू स्वतः सुतार होता आणि प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरायचा. कॅरी याच विचारात वाढलेला.

१७९३ मध्ये तो बंगालमध्ये उतरला. उद्देश लपवलेला नव्हता, त्याला ख्रिस्ती धर्माचा प्रसार करायचा होता. पण ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. पुढच्या वर्षी त्याने मुदनाबाटीच्या निळीच्या कारखान्यात मॅनेजरची नोकरी धरली. दिवसा हिशेब, बाकी वेळात बंगाली आणि संस्कृतचा अभ्यास.

या गोष्टीला एक दुखरी बाजू आहे आणि ती वगळली तर कॅरी खोटा वाटेल. बायको डोरोथी भारतात यायला तयारच नव्हती, शेवटच्या क्षणी मन वळवून तिला आणलं. १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर तापाने गेला. त्यानंतर तिचं मन कायमचं ढळलं. १८०७ मध्ये ती वारली, तोपर्यंत अनेकदा ती एका खोलीत आक्रोश करत असायची आणि शेजारच्या खोलीत कॅरी भाषांतर करत असायचा. देवाच्या कामाची किंमत त्या घरात तिनेही मोजली, तिच्या मनाविरुद्ध.

१८०० मध्ये तो डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपूरला गेला. हे श्रीरामपूर आपल्या नगरकडचं नव्हे, कलकत्त्याजवळचं. सोबत जोशुआ मार्शमन हा शिक्षक आणि विल्यम वॉर्ड हा छपाईवाला. सगळ्यांची कमाई एका पेटीत जायची आणि घरखर्चापुरतेच पैसे प्रत्येकाला मिळायचे. १८०१ पासून कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली शिकवू लागला, पुढे संस्कृत आणि मराठीही. पगार महिना ५०० रुपये, पण बराचसा त्याच पेटीत. पंडित वैजनाथ यांच्या मदतीने त्याने मराठीचं काम केलं. १८०५ चं व्याकरण, मग १८१० चा कोश, तोही मोडी टाइप वापरून. टाइपांचे साचे कोरायला मनोहर कर्मकार नावाचा लोहार होता. मिशनच्या छापखान्यात अनेक वर्षं राबूनही तो हिंदूच राहिला.

११ मार्च १८१२. छापखान्याला आग लागली. कागदाचा साठा, अनेक भाषांचे टाइप आणि कॅरीची वर्षानुवर्षांची हस्तलिखितं, त्यात बहुभाषिक कोशाचंही काम, सगळं राख. आपली एक असाइनमेंट सेव्ह झाली नाही तरी आपण दिवसभर कुणाशी बोलत नाही! छपाईची यंत्रं आणि अक्षरांचे मूळ ठसे मात्र वाचले होते. वितळलेल्या शिशातून पुन्हा टाइप ओतले गेले आणि कॅरी पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला बसला.

डिसेंबर १८२९ मध्ये सतीबंदीचा कायदा झाला. बंगाली भाषांतरासाठी तो कॅरीच्या हातात पडला तेव्हा रविवार होता, म्हणजे चर्चमध्ये प्रवचन देण्याचा दिवस. त्याने प्रवचनाला दुसऱ्याला पाठवलं आणि आपल्या पंडिताला घेऊन बसला. एक दिवस उशीर म्हणजे कदाचित एखादी बाई चितेवर. संध्याकाळपर्यंत भाषांतर तयार होतं. त्या रविवारी तेच काम त्याची प्रार्थना होती.

९ जून १८३४ ला श्रीरामपूरलाच तो गेला. त्याची एक गोष्ट सांगतात. एका बड्या मेजवानीत कुणीतरी त्याला ऐकू जाईल असं विचारलं, हा बूट बनवायचा ना? कॅरीने शांतपणे चूक सुधारली. बनवायचो नाही, नुसते दुरुस्त करायचो.

पुढच्या इंटरव्ह्यूत आधी काय करत होतात असं विचारलं, तर मध्येच केलेलं ते छोटंसं काम लपवू नका. मी माझ्या वेलांट्या तपासायला परत चालले.