आधी नमुना, मग इसार

मुंबई-आग्रा रस्त्यावर धुळ्याच्या पुढे सोनगीर लागते. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात या गावाचे नाव आहे. मी तिथल्याच एका तांबट घरातला. नव्या घाटाचा हंडा व्यापाऱ्याच्या गळी उतरवायचा तर वडील फार बोलत नसत. एक हंडा घडवून त्याच्या पुढ्यात ठेवत. व्यापारी तो उचलून बघे, टिचकी मारी, आतून हात फिरवी. मगच इसाराचे पैसे निघत.

पुढे मुंबईत जाहिरातीची चित्रे काढू लागलो आणि हे सारे विसरलो. मिठाईच्या एका खोक्यासाठी तीन लेआउट घेऊन मी ग्राहकासमोर तासभर बोललो. रंगांचे, अक्षरवळणाचे समर्थन केले. तिन्ही नापसंत झाले. त्या नामुष्कीच्या दिवसांत दादासाहेब फाळक्यांचे चरित्र हाती आले आणि मला वडिलांचा हंडा आठवला.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईचे जे. जे. स्कूल, बडोद्याचे कलाभवन, मग छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, छपाईचा धंदा असा त्यांचा प्रवास. छपाईत नाव झाले, पण भागीदारांशी पटले नाही आणि तो धंदा सोडावा लागला. चाळिशी उलटलेली. १९११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपली दैवते पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, तंत्र शिकले, कॅमेरा घेऊन परतले.

आता चित्रपटाला भांडवल हवे होते. पण जी वस्तू या देशात अजून कोणी नीट उभी केलेली नाही, तिच्यासाठी पैसा मागायचा कसा? कागदावरची चित्रे दाखवून सावकार बधणार नव्हता. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि दिवसामागून दिवस एकेक चौकट टिपत गेले. पडद्यावर बियातून अंकुर फुटला आणि मिनिटभरात त्याचे रोप झाले. निवडक लोकांना त्यांनी ते दाखवले. ज्यांनी पाहिले त्यांतल्या काहींची थैली सैल झाली. उरलेल्या खर्चासाठी पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले.

वाटाणाच का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यात ना देव होता, ना राजा. पण पैसेवाल्याच्या मनातली शंका हरिश्चंद्राच्या कथेविषयी नव्हतीच. या माणसाला हे यंत्र चालवता येते का, आणि त्याच्या अंगी चिकाटी आहे का, एवढीच ती होती. फाळक्यांनी नेमके तेवढ्याचेच उत्तर दिले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमात लोकांसमोर आला.

पण एकदा मिळालेली पसंती जन्मभर पुरत नाही. 'लंकादहन'च्या यशानंतर १९१८ मध्ये मुंबईच्या भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. त्यांना खर्चाचा हिशेब हवा होता, फाळक्यांना मनासारखे काम. खटके उडाले. काही वर्षांतच ते कंपनी सोडून काशीला गेले, तिथे 'रंगभूमी' नाटक लिहिले आणि पुन्हा त्याच कंपनीत परतले. 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट १९३७ चा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. अंकुराने त्यांना भांडवल मिळवून दिले, पण शेवटचा शब्द कोणाचा हे ठरवून दिले नाही.

चरित्र मिटून मी पुठ्ठा कापला, खोक्याची डमी बनवली, आत पेढे भरले आणि ग्राहकाच्या हाती दिली. त्याने झाकण दोनदा उघडून पाहिले. माझे ग्राहक तेव्हा रंगावर नव्हे, झाकण नीट बसेल का यावर अडले होते, हे मला त्या क्षणी कळले. काम मंजूर झाले. मात्र उठण्यापूर्वी बदल किती, खर्च कोणाचा आणि अंतिम होकार कोण देणार, हे मी कागदावर लिहून सही घेतली.

तेही नवे नव्हते. इसार हाती पडताच वडील हंड्याचे वजन, घाट आणि मजुरी वहीत टिपून व्यापाऱ्याला वाचून दाखवत. लहानपणी मला हंडा तेवढा दिसला होता, वही दिसली नव्हती.